अंगठा

खोरोगहून निरोप आलाय: तिघं जण आहेत,
बूट चांगले, मे महिन्याचा दुसरा आठवडा,
खिंड उघडी असेल का?
फोन धरून मी छपरावर उभी,
धुराड्याच्या उजव्या अंगाला. एवढ्याच वीतभर जागेत
आमच्या गावाला जग ऐकू येतं.

झरोक्यातून खाली बाबा दिसतात,
शीरचायमध्ये रोटी कुस्करताना.
"दुसरा आठवडा म्हणजे काय?" ते वर बघून ओरडतात,
"सूर्य कुठवर आलेला असेल तेव्हा?"

आमच्याकडे असं मोजतात.
थंडी सरताना सूर्य कुत्र्यात जाऊन बसतो
अंगाचं मुटकुळं करून.
मग उठतो आणि माणसात शिरतो,
पायाच्या नखातून.
पाऊल, घोटा, नडगी. कुठे तीन दिवस मुक्काम,
कुठे आठवडा.
घोट्यात आला की नांगर काढायचा,
गुडघ्यात आला की जर्दाळूकडे लक्ष ठेवायचं,
छातीत आला
की खिंड माणसाला जाऊ देते.
शाळेत मी मुलांना दोन्ही शिकवते,
आधी भिंतीवरचं कॅलेंडर, मग स्वतःचा पाय.

पण बाबांच्या डाव्या पायाला अंगठा नाही.
नाव नेककदम, आणि बोटं नऊ.
ज्या वर्षी खालचा रस्ता बंद झाला
आणि दुकानात नुसत्या काड्यापेट्या उरल्या,
त्या वर्षी सूर्य नडगीत असतानाच ते निघाले
पलीकडून पिठाचं पोतं आणायला.
पोतं आलं. अंगठा काळा होऊन आला.
दवलतशोच्या आईनं तो चुलीपाशी काढला,
आणि त्याच चुलीवर त्या पिठाची रोटी झाली.
आईनं चावून मला भरवली म्हणतात.
मला दात नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरी वसंत उशिरा येतो.
सूर्य बाबांच्या डाव्या पायाशी अडखळतो,
दार शोधत चार दिवस फिरतो.
शेजारचे नांगर धरतात, आम्ही थांबतो.
"अरे, उजवा पाय धडधाकट आहे ना तुझा,
तिकडून घे त्याला!" दवलतशो दर वर्षी म्हणतो.
बाबा दर वर्षी म्हणतात,
"गेला त्याच दारानं येईल."

मी खाली येते. वहीच्या मागच्या पानावर लिहिते:
दोर चाळीस हात, मधली गाठ तपासणे.
तुतीचं पीठ, मीठ, रॉकेल.
दवलतशोचं गाढव पाण्याला भितं, दुसरं बघणे.
काळे चष्मे. मागच्या बाईंनी आणले नव्हते,
दोन दिवस हात धरून चालवावं लागलं.
ओढा पहाटेच ओलांडणे;
दुपारी बर्फ वितळतं, पाणी कमरेला लागतं,
सकाळी तेच घोट्याला.

घोटा लिहिल्यावर पेन थांबतं.

"त्यांचे पाय कसे आहेत?" बाबा विचारतात.
मी म्हणते, बूट चांगले आहेत.
"माझेही चांगले होते."

झरोक्याच्या चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन,
त्यातून गाळून ऊन जमिनीवर पडलंय.
बाबा मोजा काढतात, पाय उन्हात सरकवतात
आणि जिथे काहीच नाही
ती जागा खाजवतात, डोळे मिटून, बराच वेळ.
"आला वाटतं," म्हणतात.

खालच्या मळ्यात जर्दाळूचा बहर
केव्हाच गळून गेलाय.
मी पुन्हा छपरावर, धुराड्याच्या उजव्या अंगाला.
लिहिते: या. पण चार दिवस उशिरा.
का, असं विचारलं तर काय सांगावं
याचा विचार करते आहे,
तोवर रेंज जाते.